काहून थांबला बे?

अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात भगवंत खानसाम्याकडं जाऊन त्याच्या हातची बिअर नको म्हणालात, तर तो माणूस पुढं कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलायचा नाही. दारूबंदी होती, मान्य आहे. पण भगवंत तिला दारू म्हणायलाच तयार नव्हता. "जवाचं पानी हाय," म्हणायचा, "पोटाले थंड." जव भिजवून मोड आणायचे, सुकवायचे, तव्यावर लालसर भाजायचे, भरड काढून उकळायचे. विलायतेत कसलीशी कडू फुलं टाकतात, ती इथं कुठून आणणार, म्हणून हा पठ्ठ्या किराइताच्या कडू काड्या टाकायचा. मग बेकरीतलं खमीर घालून रांजणाचं तोंड बांधलं की झालं. पहिला घोट कडू लागायचा, दुसऱ्याला जीभ रुळायची आणि तिसऱ्याला माणूस बोलायला लागायचा.

ही विद्या त्याला त्याच्या साहेबानं दिलेली. साहेब म्हणजे कापसाच्या कंपनीतला गोरा, कॅम्पातल्या बंगल्यात राहणारा. त्या काळी गोऱ्याच्या चुलीपाशी उभं राहायला वरच्या जातीचं कोणी येत नसे. ते काम भगवंतच्या वस्तीकडं यायचं, आणि भगवंतनं ते असं उचललं की साहेब मुंबईला निघाला तरी खानसामा सोबत घेऊनच निघायचा. साहेबाला नाद दोनच, घरची बिअर आणि जाझ. स्वातंत्र्यानंतर तो विलायतेला गेला तेव्हा चावीचा ग्रामोफोन आणि तबकड्यांची पेटी भगवंतला देऊन गेला. भगवंत पुढं सरकारी विश्रामगृहात लागला, छप्पन्न साली वस्तीबरोबर बौद्ध झाला. घरातला देव्हारा गेला, पण ग्रामोफोन कोनाड्यात होता तिथंच राहिला. बायको भागीरथा म्हणायची, "देव काढले, तं हे भूत काहून ठेवलं?"

पेटीत एक तबकडी निराळी होती. बाकीच्या दुकानातल्या, लेबलवाल्या. हिला लेबलच नव्हतं. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती तेव्हा मुंबईच्या एका हॉटेलात साहेबलोक जाझ ऐकायला जमले होते, आणि तिथंच मशीन लावून ती कोरून घेतलेली. त्यामुळं तिच्यात नुसता बाजा नव्हता, ती खोलीच्या खोली होती. ग्लास वाजतात, खुर्ची सरकते, कोणी बाई हसते, कोणी खोकतं. सुरुवातीला एक जण इंग्रजीत भराभर वाजवणाऱ्यांची नावं घेतो आणि बाजा सुरू होतो. एक जण सूर टाकतो, दुसरा तो झेलून भलतीकडंच पळवतो, पियानोवाला दोघांच्या मागं धावतो. शेवटी एकटं क्लॅरिनेट वर वर चढत जातं आणि तान पुरी न करता मधेच थांबतं. क्षणभर काहीच नाही. आणि मग त्या साहेबांच्या गर्दीतून अस्सल वऱ्हाडी आवाज येतो, "काहून थांबला बे?" मग हशा, टाळ्या, आणि तबकडी संपते.

तो आवाज भगवंतचाच होता. साहेबाच्या खुर्चीमागं, मशीनच्या अगदी जवळ, हातात ट्रे घेऊन तो उभा होता. बाजा रंगात आला होता, क्लॅरिनेटवाला पोरगा मधेच थांबला, आणि याच्या तोंडून निघून गेलं. साहेब रागावला तर नाहीच, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला, आणि जाताना ती तबकडी वेगळी काढून म्हणाला, ही तुझी, हिच्यात तू आहेस.

आता शफीकचं सांगतो. शफीक अकोल्याचा, अकोट फैल वस्तीत राहणारा, लग्नाच्या बँडचा मालक आणि स्वतः क्लॅरिनेट वाजवणारा. दीक्षेनंतर फ्रेजरपुऱ्यातल्या लोकांनी ठरवलं होतं की यापुढं आपण कोणाच्या दारात वाजवायला जायचं नाही. डफडी गेली, सनया गेल्या. पण बुद्धजयंतीच्या मिरवणुकीला बाजा तर हवा. म्हणून अकोल्याहून शफीकचा बँड आणला. भगवंत मिरवणूकभर त्या क्लॅरिनेटच्या मागंमागं चालला, आणि मिरवणूक संपल्यावर त्याला हाताला धरून घरी घेऊन आला. म्हणाला, "चाल, तुले विलायती पिपाणी आइकवतो. अन् जवाचं पानी पाजतो."

शफीकनं ग्लास तोंडाला लावला, तोंड वाकडं केलं, पुन्हा लावला. तबकडी फिरत होती. हा माणूस मान डोलवत, अर्ध्या गप्पा मारत ऐकत होता. शेवटचं ते वाक्य आलं, आणि शफीकनं ग्लास खाली ठेवला.

"हे कोन बोललं?"

भगवंत गालातल्या गालात हसत होता. मजा आणायची म्हणून गप्प राहिला.

"पुन्हा लाव," शफीक म्हणाला. भगवंतनं पुन्हा लावली. "काहून थांबला बे?" शफीक उठून ग्रामोफोनपाशी गेला, भोंग्यात डोकं घातलं. "भाऊ, हा आपल्याकडचा मानूस हाय. मुंबईच्या हाटेलात 'काहून' कोन म्हनंल? माहा वली हाय हा. माहा भाऊ हाय."

आणि पंचेचाळिशीचा तो माणूस रडायला लागला, रडता रडता हसायला लागला.

वली त्याचा धाकटा भाऊ. बापानं दोघांना क्लॅरिनेट शिकवलं. शफीक सरळ, बाप सांगेल ते वाजवणारा. वलीला इंग्रजी बाजाचं वेड. बाप म्हणे, लग्नात लोकांना लग्नाचं लागते, तुझं ते मांजरीवानी ओरडनं नाही. एक दिवस कडाक्याचं भांडण झालं आणि ऐन लढाईच्या दिवसांत वली बापाचं क्लॅरिनेट घेऊन मुंबईला पळाला. अकोल्याच्या कोणा व्यापाऱ्यानं त्याला एका हॉटेलाच्या दारात पांढऱ्या कोटात पाहिलं होतं, म्हणून घरच्यांना वाटलं, वाजवायचं सोडून तिथं वेटरगिरी करत असंल. त्यानंतर काहीच नाही. फाळणीनंतर लोक म्हणायला लागले, कराचीला गेला असंल. बाप गेला. आई नसीमबानो राहिली. ती दर ईदेला शिरखुर्म्याचा एक कटोरा भरून, वर ताटली झाकून, फळीवर ठेवायची. वली येईल तेव्हा घरात काही नाही असं नको. दुसऱ्या दिवशी तो कटोरा कोणा फकिराला द्यायची आणि पुढच्या ईदेला पुन्हा भरायची.

हे सगळं शफीक सांगत होता आणि भगवंतच्या ओठांवर आलेलं "अरे येड्या, तो मी" तिथंच अडकलं. एवढा आनंद झालेला माणूस त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. आत्ता सांगितलं तर याचा भाऊ आपण दुसऱ्यांदा मारला असं होईल. पुढच्या खेपेला सांगू, असं त्यानं ठरवलं.

पुढची खेप आली, त्याच्या पुढचीही आली. अमरावतीकडं लग्नाची सुपारी असली की शफीक दुपारचा फ्रेजरपुऱ्यात हजर. दोन ग्लास, भाजलेले शेंगदाणे, आणि ती एकच तबकडी. बाकी काही ऐकायचं त्याच्या जिवावर यायचं. बाजा चालू असताना तो बँडच्या कटकटी सांगायचा, कोणत्या नवरदेवाच्या बापानं किती पिडलं ते सांगायचा. शेवट जवळ आला की हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा, भागीरथेलासुद्धा. आणि ते एक वाक्य ऐकून डोळे पुसायचा. वर्षं अशी गेली. भगवंतचा आवाज तंबाखूनं आणि वयानं बसला होता, त्यामुळं शफीकला कधी शंका आली नाही. भगवंतला मात्र प्रत्येक खेपेला आपली बिअर जरा जास्तच कडू लागायची.

"सांगून टाका ना एकदाचं," भागीरथा म्हणायची. तिला सगळं ठाऊक होतं.

"आता कसं सांगू? इतके साल काय तोंड शिवलं होतं म्हनंल."

"मंग मराले जाल तवा सांगसान?"

त्याऐवजी भगवंतनं एक गोष्ट केली, आणि ती काही चांगली नव्हती. ती तबकडी दुकानातल्यासारखी कडक नव्हती, वर मऊ रोगणाचा थर होता. सुई जुनी असली की तिच्या रेघा खरवडून निघत. भगवंत मुद्दाम बोथट झालेली सुई लावायला लागला. नवी मिळत नाही म्हणून सांगायचा. त्याचा हिशेब सरळ होता. हळूहळू ते वाक्य झिजेल, आवाज ओळखू येईनासा होईल, मग खोटंही नाही आणि खरंही नाही. आणि तसंच होत गेलं. तबकडीवर खरखर चढली, ग्लासांचा आवाज गेला, त्या बाईचं हसणं गेलं.

त्रेसष्ट साल लागलं. त्या थंडीत शफीक आला तो उभ्यानंच म्हणाला, "भाऊ, मशीन बांध. उद्या अकोल्याले जाऊ."

"काहून?"

"अम्माले सांगून देल्लं. वलीचा आवाज सापडला म्हनून. इतके दिस नव्हतं सांगितलं, म्हटलं म्हातारीचा जीव टांगनीले लागंल. पन तबकडी झिजून राहिली ना. संपली तं अम्मानं आइकलं नाही हे मले जन्मभर खाईल."

भगवंतनं शोधून शोधून कारणं काढली. मशीनची चावी सैल झाली, विश्रामगृहात पाव्हणे आहेत, तबकडी गाडीत फुटंल. शफीक ऐकेना. शेवटी भागीरथेनंच ग्रामोफोन चादरीत बांधून दिला. नवऱ्याला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "त्या म्हातारीपाशी खोटं बोलू नोका. मायच हाय ते."

सकाळी निघण्याआधी धीर यावा म्हणून दोघांनी एकेक ग्लास घेतला, मग बडनेऱ्याहून गाडी धरली. भगवंत पेटी मांडीवर घेऊन बसला होता. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, आणि प्रत्येक स्टेशनाला त्याला वाटत होतं की आता सांगावं. शफीक एकसारखा बोलत होता. अम्माच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दिसत काही नाही, पण कान असे आहेत की गल्लीतून कोण गेलं ते चपलेवरून सांगते. हे ऐकल्यावर भगवंतनं पेटी आणखी घट्ट धरली. तोंडून शब्द काढला तर ती ओळखणार, आणि नाही काढला तरी तबकडीतला आवाज वलीचा नाही हे ओळखणार.

नसीमबानो ओसरीत खाटेवर बसली होती. बारीक, वाळलेली, पांढरी ओढणी. शफीकनं बडीशेप चघळून तोंड साफ केलं होतं, पण तिनं लगेच नाक वर केलं.

"दोघाइच्या तोंडाले जवाचा वास येते," ती म्हणाली. "बसा. हा तो तबकडीवाला का? ये बेटा."

"सलाम अम्मा," भगवंत म्हणाला. तिनं मान जराशी तिरपी केली.

ग्रामोफोन स्टुलावर ठेवला. आज भगवंतनं पेटीच्या तळातली, जपून ठेवलेली नवी सुई काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं. निदान म्हातारीसमोर तरी फसवणूक नको वाटली. त्यानं चावी दिली.

खरखर सुरू झाली. इंग्रजीत नावं घेणारा बोलून गेला. बाजा सुरू झाला. शफीकनं सवयीनं तोंड उघडलं, "अम्मा, हे नुसतं वाजवनं हाय, खरं शेवटी..."

"चूप," ती म्हणाली.

ती पुढं झुकली. तिचा चेहरा बदलला, बदलतच गेला. हात खाटेच्या कडेवर घट्ट झाले. क्लॅरिनेट एकटं झालं, वर चढायला लागलं, आणि ती त्याच्यासोबत श्वास घेत होती, क्लॅरिनेट दम घेई तेव्हा हीही घेई. मग ते मधेच थांबलं. खरखरीतून पुसटसं वाक्य आलं, हशा आला, आणि सुई कडेला जाऊन नुसती फिरत राहिली.

शफीकनं तिचा हात धरला. "आइकलं का अम्मा? वली बोलला. 'काहून थांबला' म्हनला."

"तो वली नोहे," नसीमबानो म्हणाली. "तो हा बसला हाय तो. आत्ता सलाम केला त्याचा आवाज हाय, जवानीतला."

शफीकनं भगवंतकडं पाहिलं. भगवंतनं मान खाली घातली. आता सगळं संपलं, असं त्याला वाटलं. शफीक उठायला लागला, त्याच्या तोंडून शिवी निघायच्या बेतात होती, पण आईनं त्याचा हात सोडला नाही.

"अन् तू कायचा रे क्लारनेटवाला?" ती शफीकला म्हणाली. "बोलनं आइकत बसला, वाजवनं आइकलं नाही. वलीचा समोरचा दात कशानं तुटला होता?"

"भवऱ्याच्या खेळात," शफीक कसाबसा म्हणाला.

"मंग सूर धरताना त्याची हवा निसटे का नाही? हर सुराआंधी फुस्स होये. तुमचा बाप त्यावर किती मारे त्याले. भिंतीच्या पल्याड चूल फुकता फुकता मी ते रोज आइके. ते फुस्स आइकलं नाही तुनं? वाजवते तो वली हाय."

नसीमबानोनं भगवंतच्या दिशेनं तोंड वळवलं. "सुरुवातीले तो मानूस नावं घेते. क्लारनेटवाल्याचं काय नाव घेते?"

भगवंतनं ते नाव शेकडो वेळा ऐकलं होतं. "विली," तो म्हणाला. "मले वाटे गोव्याकडचा किरिस्ताव असंल."

"वली," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, अगदी हळू, तिनं विचारलं, "तू होता तिथं. तो काहून थांबला?"

हाच प्रश्न भगवंतनं अठरा वर्षांपूर्वी त्या पोराला विचारला होता, हसत, ट्रे हातात धरून. आता त्याचं उत्तर त्यालाच द्यायचं होतं. भागीरथेचं बोलणं त्याला आठवलं. आणि तो पोरगाही आठवला, नीट आठवला. काडीसारखा बारीक, अंगापेक्षा मोठा पांढरा कोट.

"अम्मा, त्याले खोकला आला," भगवंत म्हणाला. "त्यानं क्लारनेट खाली केलं अन् रुमाल तोंडाले लावला. रुमाल लाल झाला होता. मले वाटलं, पान खाल्लं असंल. पान खाऊन वाजवाले बसला म्हनून मी त्याची मजाक केली."

"वली पान खात नव्हता," ती म्हणाली.

शफीकनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मुंबईच्या त्या गर्दीत तसा खोकला घेऊन माणूस किती दिवस काढणार, हे तिघांनाही कळलं होतं. कराची नव्हती, काही नव्हतं. इतक्या ईदांना अम्मा तो कटोरा ज्याच्यासाठी भरत होती तो बहुतेक पहिल्या एक-दोन ईदांतच गेला होता.

"मंग? तुनं तसं म्हटल्यावर त्यानं काय केलं?"

भगवंतला रडू आवरेना. "हसला, अम्मा. रुमाल तोंडावर तसाच, अन् डोळे हसले. मान उचलून पाहाले लागला, कोन बोललं म्हनून. गर्दीत शोधे तो मले. मले काय माईत? साहेबानं ग्लास मांगितला, मी मागं वळलो. मी त्याच्याजोळ गेलो असतो, नुसतं इचारलं असतं का कोन्या गावचा रे तू, तं..."

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा लावली. पण बोथट सुईनं वर्षानुवर्षं खरवडलेला तो थर आता सुटायलाच आला होता. नव्या सुईच्या टोकाला त्याचा काळा बारीक धागा गुंडाळत आला. नावं घेणारा बोलला नाही, बाजा ऐकू आला नाही, नुसती खरखर. भगवंतनं घाईनं सुई उचलली. वलीचा श्वास आपणच आपल्या हातानं खरवडून टाकला, हे त्याला कळलं. पण ते सांगायचं बळ त्याच्यात राहिलं नव्हतं.

"गेलं का?" तिनं विचारलं.

"गेलं, अम्मा."

"मंग तू म्हन. त्यानं आइकलं होतं तसं म्हन."

ती वाट पाहत बसली. शेवटी बसक्या, म्हाताऱ्या आवाजात भगवंतनं म्हटलं, "काहून थांबला बे?"

नसीमबानोनं मान हलवली. "घरचं बोलनं आइकून हसला असंल," ती म्हणाली. "बरं झालं, कोनं तरी त्याले घरच्या बोलीत इचारलं."

शफीक त्यानंतर अमरावतीला आला नाही. लग्नसराईत त्याचा बँड कॅम्पात वाजून गेला, भगवंतनं विश्रामगृहाच्या फाटकातून ऐकला, पण पुढं जायची छाती झाली नाही. रांजण भरलेला होता, पण त्यानं एकट्यानं ग्लास भरला नाही.

ईदेच्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली. शफीक उतरला. हातात फडक्यात बांधलेला कटोरा होता, वर ताटली झाकलेली. तो आत आला नाही, उंबऱ्यातच उभा राहिला. भगवंतही उठून नुसता समोर उभा राहिला.

"अम्मानं पाठवला," शफीक म्हणाला. "वलीचा हाय. म्हने, आता फळीवर ठेवाचं नाही. त्याच्याशी घरच्या बोलीत शेवटचं जो बोलला त्याले दे."

भगवंतनं दोन्ही हातांनी कटोरा घेतला. शिरखुर्मा गाडीच्या प्रवासात थंड झाला होता. तो तिथंच उंबऱ्यावर बसला. एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग त्याचा हात थांबला. शफीक त्याच्या शेजारी येऊन बसला.

"काहून थांबला बे?" शफीक म्हणाला. "खा."